जुना कॉम्प्युटर सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी तो कुठे अडतो ते बघा

अमळनेरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन मशीन विकण्यापेक्षा जुनी मशीन जगवण्याचं काम माझ्याकडे जास्त येतं. गिऱ्हाईक सीपीयू काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "भाऊ, फॉरमॅट मारी द्या." मशीन नेमकं काय करतंय असं विचारलं की उत्तर मिळतं, "पंखा फिरस, पन पडदावर काहीच दिखत नही." आता पडद्यावर काहीच येत नसेल, तर ते मशीन अजून हार्डडिस्कपर्यंत पोहोचलेलंच नाही. फॉरमॅट म्हणजे हार्डडिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकणं. हे हार्डडिस्कवरचं काम, त्याने हा बिघाड जाणारच नाही. पण हे सांगणारं कुणी त्याला भेटलेलं नसतं, आणि फॉरमॅट मारून देणारे जागोजागी भेटतात. त्यात सोसायटीचा हिशेब जातो, शाळेचे दाखले जातात, मुलीच्या लग्नाचे फोटो जातात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ज्यांच्याकडे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं मशीन अजून रोज चालतं त्यांच्यासाठी हे आहे. ग्रामपंचायतीचा ऑपरेटर, शाळेतले लिपिक, कृषी केंद्रवाले, सावदा-रावेरकडचे केळीचे व्यापारी. आत साधारण जी ३१ किंवा जी ४१ बोर्ड (मदरबोर्ड, ज्यावर सगळे भाग जोडलेले असतात) असतो, त्यावर कोअर टू ड्युओ किंवा ड्युअल कोअर प्रोसेसर. थोडं अलीकडचं असेल तर एच ६१ आणि दुसऱ्या-तिसऱ्या पिढीचा आय ३. वर बहुधा विंडोज ७, कुठे कुठे अजून एक्सपी. अधूनमधून एखादा जुना विप्रोचा डेस्कटॉपही टेबलावर येतो. विप्रोचा जन्मच अमळनेरचा, १९४५ सालचा, वनस्पती तेला-तुपाच्या कारखान्यातून. त्यामुळे तो उघडताना जरा जास्तच आपुलकी वाटते.

माझं सांगणं एवढंच आहे: मशीन कुठल्या पायरीवर अडतं ते आधी ओळखा, एका वेळी एकच बदल करून बघा, आणि डेटा दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय डिस्कवर काहीही लिहू देऊ नका.

बटण दाबल्यावर आत काय होतं ते थोडक्यात सांगतो. आधी एसएमपीएस, म्हणजे सीपीयूच्या डब्यातला वीज पुरवणारा भाग, बोर्डाला करंट देतो. मग बोर्ड जागा होतो आणि प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले तपासतो. सगळं ठीक असेल तर एक छोटी बीप देतो आणि कंपनीचं नाव दाखवतो. मग तो हार्डडिस्क शोधतो आणि सूत्रं विंडोजच्या हाती देतो. म्हणून मशीनसमोर बसून आधी फक्त बघा. कुठे दिवा लागतो का? पंखा फिरतो का, आणि फिरत राहतो का? बीप वाजते का, किती वेळा? पडद्यावर अक्षरं येत असतील तर शेवटची ओळ कोणती? त्या ओळीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. "काहीतरी इंग्रजीत येतं" एवढ्यावरून कुणालाच काही कळत नाही, आणि त्या ओळीत बऱ्याचदा बिघाडाचं नावच लिहिलेलं असतं.

काहीच होत नाही, दिवासुद्धा लागत नाही

लाईटपासून सुरुवात करा. आपल्याकडे रब्बीत विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या की गावातलं व्होल्टेज पडतं, आणि गेलेली लाईट परत येते तेव्हा पहिला झटका जोरात असतो. हे सगळं पहिल्यांदा यूपीएस सोसतो. घरगुती यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते आणि ती दोन-तीन वर्षांत दम तोडते. खानदेशातल्या उन्हाळ्यात त्याच्याही आधी. बॅटरी मेलेला यूपीएस कधी सुरूच होत नाही, तर कधी सुरू होतो पण लाईट नुसती फडफडली तरी मशीन पाडतो. म्हणून तपासताना यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड दोन्ही बाजूला ठेवा. मशीनची वायर सरळ भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा, जमलं तर वायरही दुसरी घ्या. मॉनिटरची आणि सीपीयूची वायर बहुधा एकाच जातीची असते, ती अदलाबदल करून बघता येते.

सीपीयूच्या मागे एसएमपीएसवर काळं बटण असतं, ते झाडताना-पुसताना बंद होतं. जुन्या एसएमपीएसवर त्याच्या शेजारी एक लाल सरकतं बटणही असतं, ११५ आणि २३० असं लिहिलेलं. ते २३० वरच हवं. मुलांनी सहज ११५ वर सरकवलं आणि मशीन लावलं, तर आवाज होऊन एसएमपीएस संपतो.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तिकडे दुर्लक्ष करू नका. सॉकेटला अर्थिंग नाही किंवा ती निकामी झाली आहे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये जमीन कोरडी पडते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते. वायर जागेवर दिसते, पण काम करत नाही. खड्ड्यात पाणी घालायचं काम उन्हाळ्यात नेमानं करा आणि वायरमनकडून एकदा तपासून घ्या. अर्थिंग नसलेल्या जागी यूएसबी पोर्ट आणि लॅन कार्ड जास्त जळतात, आणि माणसालाही धोका असतोच.

वायर, सॉकेट ठीक असेल तर भिंतीतून वायर काढा आणि पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे आत साचलेला चार्ज निघून जातो. मग पुन्हा लावून बघा. लाईटच्या झटक्यानंतर गप्प बसलेली काही मशीन एवढ्यानंच उठतात.

तरीही नाही उठलं तर कॅबिनेटचं बाजूचं पान उघडा. आता पुन्हा वायर लावली की बऱ्याच बोर्डांवर एक छोटा दिवा लागतो, मशीन बंद असतानाही. तो लागला म्हणजे एसएमपीएसचा निदान स्टँडबायचा ५ व्होल्टचा भाग जिवंत आहे. मग संशय पुढच्या पॉवर बटणावर घ्या, वर्षानुवर्षं दाबून ते आत अडकतं किंवा झिजतं. त्याच्या दोन बारीक वायरी बोर्डावर जिथे जातात तिथे 'पॉवर स्विच' किंवा 'पीडब्ल्यूआर' असं छापलेलं असतं. वायरी काढा आणि त्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना टेकवा. तिथे फक्त ५ व्होल्ट किंवा त्याहून कमी असतात, शॉक लागत नाही. मशीन सुरू झालं तर बिघाड बटणाचा. त्या जागी रीसेटच्या बटणाची वायर लावून टाका, काम भागतं.

एसएमपीएस स्वतंत्रपणे तपासायची रीत अशी. मेन वायर काढा. बोर्ड, डिस्क सगळीकडचे त्याचे प्लग सोडवा. २४ पिनांच्या मोठ्या प्लगमध्ये हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची कुठलीही काळी वायर यू-पिनने जोडा आणि मग मेन वायर लावा. पंखा फिरला तर एसएमपीएस सुरू होतो, एवढंच कळलं. तो नीट व्होल्टेज देतो का, ते मल्टिमीटरने बघायचं. मीटरची काळी दांडी काळ्या वायरवर, लाल दांडी पिवळीवर: ११.४ ते १२.६ व्होल्ट हवेत. लाल वायरवर ४.७५ ते ५.२५. नारिंगीवर ३.१४ ते ३.४७. जांभळी स्टँडबायची, तिच्यावर ५ व्होल्ट. आकडा याच्या बाहेर गेला तर एसएमपीएस बदला. त्याचा डबा मात्र घरी उघडू नका. मेन वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये (वीज साठवणारा भाग) ३०० व्होल्टच्या पुढे दाब काही काळ राहू शकतो. हा सल्ला मी दुकानात हाताखालच्या मुलांनाही रोज देतो.

सुरू होतं आणि बंद पडतं

खानदेशातली खरी दुखणी इथे आहेत. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या खोलीत मशीन असेल तर आतल्या हवेचं विचारूच नका. त्यात माती आणि कापसाची तूस.

एका जिनिंगच्या वजनकाट्यावरचं मशीन हंगामाच्या ऐन गर्दीत आलं होतं. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आणि मशीन दर थोड्या वेळानं बंद. सकाळी पहिल्यांदा लावलं की बरंच चालायचं, बंद पडल्यावर लगेच लावलं तर विंडोजचं चिन्ह येईपर्यंतच टिकायचं, आणि तासभर थंड होऊ दिलं की पुन्हा बरं चालायचं. असं चक्र दिसलं की समजा, ही उष्णता आहे. प्रोसेसर तापून मर्यादेपलीकडे गेला की स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. त्यांच्याकडच्या माणसाने वरून ब्लोअर मारला होता, पंखा चकचकीत दिसत होता. मी पंखा हीटसिंकवरून (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा) सोडवला तेव्हा खाली तूस आणि मातीचा थर बसलेला होता, कडेला नख घातलं तर पापडासारखा अख्खा उचलून आला. पंखा पूर्ण वेगानं फिरत होता, पण त्याची हवा खालच्या ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांपर्यंत पोहोचतच नव्हती. खाली प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्ट सुकून भुकटी झाली होती. वर चार पायांतली एक प्लास्टिकची पिन तुटलेली, त्यामुळे हीटसिंकचा एक कोपरा उचललेला. तूस काढली, नवीन पेस्ट लावली, पिन बदलली, आणि मशीन त्याच संध्याकाळी काट्यावर परत गेलं.

हे काम तुम्हालाही जमेल, पण सावकाश करा. मशीन बंद करून वायर काढलेली असू द्या. सफाई अंगणात करा, खोलीत नको. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं किंवा पेन्सिलीनं अडवून धरा. जोराच्या हवेनं पंखा भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. इंटेलच्या हीटसिंकच्या चार पिनांच्या डोक्यावर बाण असतो, त्या दिशेनं पाव फेरा फिरवून वर ओढली की पिन सुटते. हीटसिंक लगेच ओढू नका. पेस्टनं चिकटलेला असतो, हलक्या हातानं डावी-उजवीकडे फिरवत सैल करा. आधी मशीन दोन-तीन मिनिटं चालवून, मग बंद करून वायर काढून हीटसिंक काढला तर पेस्ट मऊ होते. जुनी पेस्ट सुती कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. नवीन पेस्ट मधोमध ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी, एवढी पुरे, पसरायचं काम हीटसिंकचं वजनच करतं. बसवताना पिना बाणाच्या उलट दिशेनं जागेवर आणा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या जोडीनं दाबा, प्रत्येकीचा 'कट्' असा आवाज आला पाहिजे. नंतर बोर्ड मागून बघा, चारही पिनांची काळी टोकं पूर्ण बाहेर आलेली हवीत. प्रोसेसर सॉकेटमधून काढायची गरज नाही. त्याच्याखाली केसासारख्या पिना असतात, एक वाकली तरी बोर्ड कामातून गेला.

सुरू केल्यावर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानांत जा, बहुतेक बोर्डांवर डिलीट किंवा एफ २ दाबत राहायचं. 'हार्डवेअर मॉनिटर' किंवा 'पीसी हेल्थ' या नावाच्या पानावर प्रोसेसरचं तापमान दिसतं. नुसतं तिथे बसून ते ८०-९० कडे चढत असेल तर हीटसिंक अजून नीट टेकलेला नाही.

याच्या उलटं चक्रही असतं, ते ओळखायला शिका. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे पारा १० च्या खाली उतरतो, तेव्हा मशीन सकाळी तीनदा-चारदा नकार देतं, मग एकदा सुरू झालं की दिवसभर बिनतक्रार चालतं. हे कॅपॅसिटरचं दुखणं. बोर्डावर प्रोसेसरभोवती छोटे नळकांड्यासारखे कॅपॅसिटर उभे असतात. त्यांचं डोकं सपाट हवं. फुगलेलं असेल, किंवा तिथून तपकिरी चिकट काही निघालेलं असेल, तर तो गेला. दुरुस्ती म्हणजे तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचा आणि १०५ अंशांचा कॅपॅसिटर सोल्डर करणं. हात बसलेला असेल तरच करा. तसेच फुगलेले कॅपॅसिटर एसएमपीएसच्या आतही असू शकतात. म्हणून बोर्ड स्वच्छ दिसत असेल तर आधी चांगला चालणारा दुसरा एसएमपीएस लावून बघावा.

पंखा फिरतो, डिस्प्ले नाही

मॉनिटर दुसऱ्या मशीनवर किंवा निदान केबल दुसरी लावून तपासा. ग्राफिक कार्ड बसवलेलं असेल तर मॉनिटरची केबल कार्डाला हवी. सीपीयू पुसून परत जोडताना ती बोर्डाच्या पोर्टला लागते आणि घरात गोंधळ उडतो. उघडलंच असेल तर प्रोसेसरजवळचा चार पिनांचा छोटा चौकोनी प्लगही दाबून बघा. तो सैल असला तर पंखा फिरतो पण प्रोसेसरला करंटच मिळत नाही.

मग रॅम. वायर काढा, दोन्ही बाजूंच्या खटक्या उघडा, रॅम बाहेर घ्या. सोनेरी दात काळपट दिसतील, पावसाळ्यानंतर तर हमखास. पांढऱ्या मऊ खोडरबरानं दोन्ही बाजूंनी हळू घासा. खोडरबराचा चुरा स्लॉटपासून दूर झटका, नाहीतर तोच संपर्क अडवेल. स्लॉट मऊ, कोरड्या ब्रशनं साफ करा. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. दोन रॅम असतील तर एकच लावा, मग तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी रॅम. कुठली कधी चालली ते कागदावर लिहा. खटक्या दोन्ही बाजूंनी आपोआप बसल्या पाहिजेत, जोर लावावा लागत असेल तर रॅम उलटी आहे किंवा जातच वेगळी आहे. डीडीआर २ आणि डीडीआर ३ ची खाच वेगळ्या जागी असते, एकमेकींत बसत नाहीत. जी ४१ चे बोर्ड दोन्ही जातींचे येतात, म्हणून विकत घेताना जुनी रॅम हातात घेऊन जा.

एक तपासणी फार उपयोगाची आहे आणि फुकट आहे. सगळी रॅम काढून मशीन सुरू करा. लांब-लांब बीप वाजत राहिली तर आनंद माना. प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत, 'रॅम कुठे आहे' असं विचारण्याइतके शुद्धीवर आहेत. रॅम काढूनही पूर्ण शांतता असेल तर दुखणं बोर्ड, प्रोसेसर किंवा एसएमपीएसचं. मात्र बोर्डाला बीपचा छोटा स्पीकर जोडलेला आहे ना, ते आधी बघा. पुष्कळ कॅबिनेटमध्ये तो नसतोच. किरकोळ पैशात मिळतो, एक घेऊन ठेवावा. एक लांब आणि दोन आखूड बीप असतील तर बहुधा ग्राफिक कार्ड सैल असतं. बीपचा अर्थ बायोसच्या कंपनीनुसार बदलतो, म्हणून बोर्डाच्या पुस्तिकेतला तक्ता खरा मानावा.

शाळांच्या संगणक कक्षात हा सगळा खटाटोप जूनच्या मध्याला करावा लागतो. मे महिनाभर कुलूप, मग पहिला पाऊस, हवेत दमटपणा, आणि शाळा उघडल्यावर निम्मी मशीन गप्प. उघडली की आत मुंग्या, पालीची अंडी, उंदरानं कुरतडलेल्या वायरी सापडतात. लिपिकसाहेबांना माझी विनंती असते, सुट्टीत आठवड्यातून एकदा तासभर सगळी मशीन लावून ठेवा आणि मागच्या पट्टीची रिकामी भोकं बंद करा.

तारीख चुकते, एफ १ मागतो

'सीमॉस चेकसम एरर' किंवा 'डेट अँड टाइम नॉट सेट' असं येत असेल आणि दर वेळी एफ १ दाबावं लागत असेल, तर बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी संपली. नंबर सीआर २०३२, ३ व्होल्टची. तारीख मागे गेल्यावर बँकेची आणि सरकारी साइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत मशीनच्या तारखेशी ताडून बघितली जाते. लोक नेटवाल्याला फोन करत बसतात.

बॅटरी बदलणं दोन मिनिटांचं काम, पण त्यात एक फसवी जागा आहे आणि तिच्यापायी धडधाकट विंडोजवर फॉरमॅट मारलेलं मी पाहिलं आहे. बॅटरी काढली की बायोसच्या सेटिंग मूळ जागी जातात. त्यात 'साटा मोड' नावाची एक सेटिंग असते, बोर्डानं हार्डडिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलायचं ती: आयडीई किंवा एएचसीआय. विंडोज टाकताना जी होती तीच पुढे ठेवावी लागते. विंडोज ७ आयडीईवर टाकलं असेल आणि बॅटरी बदलल्यावर बोर्डानं एएचसीआय धरलं, तर विंडोजचं चिन्ह येतं, क्षणभर निळा पडदा चमकतो आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू. हे असंच फिरत राहतं. निळ्या पडद्यावर थांबून वाचता आलं तर शेवटी ७ बी असलेला आकडा दिसतो. अशा वेळी बायोसमध्ये जाऊन साटा मोड एकदा उलटा करा, एफ १० दाबून सेव्ह करा. कारण हेच असेल तर विंडोज जसंच्या तसं उघडेल. म्हणून बॅटरी काढण्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो काढायचे, आणि नवीन बॅटरी बसवल्यावर फोटो बघून सेटिंग परत लावायच्या. बॅटरी बसवताना तिची अधिकची (+) बाजू वर येऊ द्या.

अक्षरं येतात, विंडोज येत नाही

'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस', 'डिस्क बूट फेल्युअर', 'बूटएमजीआर इज मिसिंग', एक्सपीवर 'एनटीएलडीआर इज मिसिंग'. यातलं काहीही आलं तरी पहिलं काम एकच: मागचे-पुढचे सगळे पेन ड्राइव्ह, कार्ड रीडर, सीडी काढा आणि परत सुरू करा. विसरून राहिलेल्या पेन ड्राइव्हवर मशीन विंडोज शोधत बसतं. त्यानं भागलं नाही तर बायोसमध्ये हार्डडिस्कचं नाव दिसतं का ते बघा. दिसत नसेल तर डिस्कची पातळ डेटा केबल बदला, बोर्डावरचा दुसरा पोर्ट वापरा, पॉवरचा दुसरा प्लग लावा. नाव दिसत असेल तर बूटच्या क्रमात ती पहिली आहे ना, ते बघा.

डिस्कला कान लावा. टक-टक-टक असा एकसारखा आवाज येत असेल तर मशीन ताबडतोब बंद करा. आतलं हेड अडलं आहे, आणि प्रत्येक वेळी सुरू करण्यानं डेटा मिळण्याची आशा कमी होते. हिशेब महत्त्वाचा असेल तर ती डिस्क फक्त डेटा रिकव्हरीवाल्याकडेच द्यायची.

आवाज बरा असेल तर डेटा आधी उतरवून घ्या. डिस्क काढून साटा-यूएसबी केबलनं दुसऱ्या मशीनला लावता येते. किंवा दुसऱ्या मशीनवर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) पेन ड्राइव्ह तयार करून त्यावरून हे मशीन चालू करा. काही इन्स्टॉल न करता 'लाइव्ह' चालवायचं, फाइली दिसतात आणि दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करता येतात. लोकांना वाटतं डी ड्राइव्ह सुरक्षित आहे म्हणजे सगळं सुरक्षित आहे. पण डेस्कटॉप आणि 'माय डॉक्युमेंट्स' सी ड्राइव्हमध्येच असतं आणि फॉरमॅटमध्ये तेच जातं. टॅलीचा डेटा फोल्डरही बऱ्याच ठिकाणी सी मध्येच असतो, तो नावासकट पूर्ण उचला. आणि विंडोजमधला 'फॉन्ट्स' फोल्डर विसरू नका. जुने ठराव, दाखले, इतिवृत्तं श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. तो फॉन्ट नसेल तर फाइल शाबूत असूनही समोर नुसती खुणांची रांग दिसते.

डेटा हाती आल्यावर मग डिस्कची तब्येत बघा. क्रिस्टल डिस्क इन्फो हे फुकट सॉफ्टवेअर निळ्या चौकटीत 'गुड' किंवा पिवळ्या चौकटीत 'कॉशन' असं दाखवतं. कॉशन असेल तर त्याच डिस्कवर पुन्हा विंडोज टाकण्यात वेळ घालवू नका. विंडोजमधलं डिस्क तपासणारं 'चेकडिस्क'ही कॉपी झाल्यानंतरच चालवा, आजारी डिस्कवर ते तासन्‌तास घासत राहतं.

डिस्क चांगली असेल तर विंडोज ७ मध्ये सुरू होताना एफ ८ दाबत राहा. आधी 'लास्ट नोन गुड कॉन्फिगरेशन' निवडून बघा, मग 'सेफ मोड'. सेफ मोडमध्ये उघडलं तर नुकतंच टाकलेलं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर काढून टाका. तेही नाही जमलं तर विंडोजच्या डीव्हीडीवरून 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' आणि 'स्टार्टअप रिपेअर'. एकदा चालवून नाही भागलं तर दोन-तीनदा चालवावं, एका फेरीत ते सगळंच दुरुस्त करतं असं नाही. विंडोज १० मध्ये एफ ८ बहुधा चालत नाही, तिथे सुरू होताना लागोपाठ दोन-तीनदा बंद केलं की दुरुस्तीचं पान आपोआप येतं.

नव्यानंच टाकायची वेळ आली तर एवढं लक्षात घ्या की विंडोज ७ चे सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबले आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. बिलं छापायला, वजन नोंदवायला, इंटरनेटशिवाय ७ चालेल. बँकेचं काम त्यावर करू नका. जुन्या ड्युअल कोअरवर ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बरी चालते आणि ब्राउझरपुरतं काम नीट होतं.

पैसे कुठे घालावेत, हे सगळे विचारतात. बोर्ड आणि प्रोसेसर ठीक असतील तर पहिला खर्च चांगल्या एसएमपीएसवर, दुसरा छोट्या एसएसडीवर (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क). जी ४१ च्या बोर्डाचा साटा पोर्ट जुन्या वेगाचा असतो, तरी एसएसडी लावल्यावर फरक पहिल्याच दिवशी दिसतो. बोर्डच गेला असेल आणि मशीन कोअर टू ड्युओचं असेल तर मी बोर्ड बदलायला सांगत नाही. तेवढ्याच्या आसपास थोडं अलीकडचं वापरलेलं मशीन मिळतं. एच ६१ असेल तर बोर्ड बदलणं परवडतं.

दुकानात न्यायचंच ठरलं तर एका चिठ्ठीवर लिहून द्या: शेवटची ओळ कोणती आली, गार असताना होतं की तापल्यावर, लाईट गेल्यानंतर सुरू झालं का, तुम्ही स्वतः काय काय बदलून बघितलं. आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरात, 'डेटा पाहिजे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये'. ती चिठ्ठी सीपीयूला चिकटपट्टीनं चिकटवा आणि तिचा फोटो स्वतःकडे ठेवा.